आशाताईच्या घरचे बाळंतपण, आशाताईच्या घरचे सुतक

प्रति,
माननीय मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

आशा स्वयंसेविकांच्या मानधनाविषयी गेल्या काही वर्षांत पुष्कळ बोलले गेले. कोविडच्या धामधुमीत जून २०२१ मध्ये संप झाला, ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला, तो मिटवताना दिलेल्या आश्वासनाचा शासन निर्णय निघेना म्हणून जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा झाला. आझाद मैदानावर बायका दिवसेंदिवस बसून राहिल्या आणि मार्चमध्ये राज्याच्या वाट्याच्या मानधनात दरमहा ५,००० रुपयांची वाढ पदरात पडली. त्याच वर्षी कामावर असताना अपघाती मृत्यू आल्यास वारसांना १० लाख रुपये देण्याचा निर्णयही झाला. हे दोन्ही निर्णय चांगले झाले. हे पत्र वेगळ्या गोष्टीसाठी आहे. आशाताई जिवंत आहे, कामावर आहे, आणि तिच्याच घरी बाळंतपण आले, तिचाच गर्भ पडला, तिचेच तान्हे मूल दगावले किंवा तिचा नवरा गेला, तर तिने किती दिवस घरी थांबावे आणि तेवढे दिवस तिच्या घरचा किराणा कशातून भरावा, याचे उत्तर आज तिच्या कामाच्या रचनेत नाही. कामावर आधारित मोबदला असे या रचनेचे नाव आहे. भेट झाली तर भेटीचे पैसे, लसीकरणाला मूल आणले तर त्याचे पैसे, फॉर्म भरला तर फॉर्मचे पैसे. रजा नावाचा रकाना या हिशेबात मुळातच आखलेला नाही. तो आखावा, एवढीच माझी विनंती आहे, आणि ती का रास्त आहे ते सविस्तर मांडतो.

सुरुवात नेमणुकीच्या अटींपासून करावी लागेल. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले तेव्हा आशा कोण असावी हे मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिले गेले: ती त्याच गावची रहिवासी असावी, विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित असावी, आणि शक्यतो २५ ते ४५ वयाची असावी. साधारण एक हजार लोकसंख्येमागे अशी एक. यामागचा विचार व्यवहाराचा होता. कुमारी मुलगी आज ना उद्या लग्न होऊन गाव सोडणार. सून मात्र गावातच राहणार. जिने स्वतः बाळंतपण काढले आहे तिचे म्हणणे पहिलटकरीण ऐकणार. जिने वैधव्य भोगले आहे ती दुसरीच्या दारात अवघडून उभी राहणार नाही. हा विचार बरोबरच होता, आणि त्याची फळे सगळ्या देशाने पाहिली. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांवर आशांचा गौरव केला तो काही उगाच नाही. पण या अटींचा दुसरा अर्थही नीट वाचायला हवा. शासनाने या बाईला निवडले ते तिच्या संसारासकट. तिचे आईपण ही तिची पात्रता ठरवली. विधवा हा शब्द तर निवडीच्या निकषातच लिहून ठेवला. आणि वयोगटही असा घेतला की ज्यात बाईची मुले शाळेत असतात, काहींची अजून व्हायची असतात आणि सासू-सासरे थकायला लागतात. ज्या वयात घरातली ओढाताण सर्वांत जास्त असते तेच वय आपण मुद्दाम मागितले. त्यामुळे आशाताईच्या घरी काय चालले आहे हा तिचा खासगी प्रश्न आहे असे शासनाला म्हणता येत नाही. नेमणुकीच्या दिवशी जी गोष्ट पात्रता म्हणून मोजली, तीच नंतर गैरहजेरी म्हणून मोजली जाते, आणि ही विसंगती शासनानेच दूर करायची आहे.

ही विसंगती किती खोल आहे ते एका कागदावरून दिसते. नवजात बालकाच्या गृहभेटीचा जो फॉर्म आशाताई भरते तो जरा निवांत वाचावा. ही पद्धत आपल्याच राज्यात, गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने उभी केली, १९९९ मध्ये तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे ती देशभर गेली. दवाखान्यात डिलिव्हरी झाली असेल तर जन्मानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी. घरी झाली असेल तर पहिल्या दिवसाची आणखी एक. सगळ्या भेटी पुऱ्या झाल्या की २५० रुपये. फॉर्ममधला पहिला प्रश्न बाळाबद्दल नाही, आईबद्दल आहे: चोवीस तासांत ती किती वेळा पोटभर जेवते? पुढे विचारले आहे, अंगावरून किती जाते, दिवसात किती पॅड बदलावे लागतात? बाळाला ऊब मिळते का, अंगावर पाजले जाते का, बाळ सारखे रडते का, दिवसात सहापेक्षा कमी वेळा लघवी करते का? मग ताप बघायचा, पिशवीच्या काट्यावर वजन घ्यायचे. बाळंतिणीचे शरीर आणि मन सहा आठवडे सांभाळावे लागते, तिला एकटे सोडून चालत नाही, ही समज या एका कागदात मुरलेली आहे. आता हाच कागद आशाताईच्या स्वतःच्या बाळंतपणाला लावून बघा. तिचे बाळ सात दिवसांचे असताना तिच्याच वाटणीच्या वस्तीवर दुसरे मूल जन्माला आले, तर तिसऱ्या दिवसाच्या भेटीला कोण जाणार? आमच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात गंगापूर-वैजापूरकडे घरे शेतात विखुरलेली, एका वस्तीहून दुसरीकडे जायचे तर बांधाबांधाने चालावे लागते. कन्नडच्या डोंगरातले तांडे, अजिंठ्याचा घाट उतरून पलीकडचे सोयगाव, ही तर आणखी दूरची गोष्ट. ती गेली नाही तर भेट बुडते आणि त्या बाळापुरते पैसेही बुडतात. ती गेली, तर ज्या नियमाप्रमाणे ती दुसरीला विश्रांती घ्यायला सांगते तोच नियम ती स्वतः मोडते.

जन्माइतकाच या कामाचा मृत्यूशीही संबंध आहे, आणि याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. १५ ते ४९ वयोगटातली कुठलीही स्त्री गावात मरण पावली तर चोवीस तासांच्या आत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला कळवायचे काम आशाताईचे आहे. मातामृत्यू दडून राहू नयेत म्हणून हा नियम झाला, आणि तो अत्यंत गरजेचा आहे. त्यासाठी तिला २०० रुपये मिळतात. बालमृत्यूची खबरही तीच देते. गेलेली बाई बहुतेक वेळा तिच्या ओळखीची असते. तिच्याच भावकीतली, तिच्याच नळावर पाणी भरणारी. २०१५ पासून मराठवाड्याचे आठही जिल्हे आणि विदर्भातले सहा अशा १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ आला, तेव्हा शेतकरी कुटुंबात कुणी निराश आहे का, झोप उडाली आहे का, जेवण सुटले आहे का, हे घरोघर जाऊन विचारण्याचे काम पुन्हा तिच्याकडेच आले. विभागीय आयुक्तालयाच्या नोंदींत मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्या २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षी हजाराच्या वर आहेत. या हजार घरांच्या दारात आरोग्य खात्याची पहिली बाई म्हणून जी जाते ती आशा. कोविडमध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीमही तिच्याच पायांवर चालली. दिवसभर ऑक्सिमीटर घेऊन फिरून ती संध्याकाळी स्वतःच्या लेकरांत परतत होती. दुसऱ्याच्या घरचे दुःख टिपून वर कळवणे हा ज्या कामाचा रोजचा भाग आहे, त्या कामात तिच्या स्वतःच्या दुःखाची दखल घेणारे एकही कलम नसावे, हे मला कमालीचे क्लेशदायक वाटते. एखाद्या आशेचा नवरा गेला आणि तिच्या मोबाइलवर त्याच आठवड्यात सर्व्हे पूर्ण करण्याचा मेसेज आला, तर मेसेज पाठवणाऱ्या, आशांच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या गटप्रवर्तकेचा त्यात काही दोष नसतो. तिच्याकडेही थांबा म्हणण्याचा अधिकार नसतो.

आता शासन इतरांसाठी काय करते ते पाहू, कारण माझ्या मागणीचा खरा आधार तोच आहे. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आली. गर्भपात झाल्यास सहा आठवड्यांची रजा तर त्याआधीपासूनच होती. याच तरतुदी पुढे सामाजिक सुरक्षा संहितेतही घेतल्या गेल्या. २ सप्टेंबर २०२२ रोजी केंद्राच्या कार्मिक विभागाने आणखी एक पाऊल टाकले: मूल मृत जन्मले किंवा जन्मल्यावर लगेच गेले तर केंद्रीय महिला कर्मचाऱ्याला ६० दिवसांची विशेष रजा. त्या आदेशात कारणही दिले आहे. अशा घटनेचा आईच्या मनावर होणारा आघात आणि त्याचे आयुष्यभर राहणारे परिणाम, हे ते कारण. शासकीय कागदावर शोकाला असे स्थान क्वचितच मिळते. आपल्या राज्याने २०१८ मध्ये शासकीय महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली, आणि ज्या पुरुष कर्मचाऱ्याची पत्नी हयात नाही किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली आहे त्यालाही ती लागू केली. हे विशेष महत्त्वाचे आहे. जोडीदार गेल्यावर मुलांचा सगळा भार एका माणसावर येतो आणि तेव्हा त्याला वेळ द्यावा लागतो, हे तत्त्व महाराष्ट्राने मान्य केलेले आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या कायम सेवेतल्या कर्मचाऱ्याला जे मिळते ते त्याच केंद्राच्या दारात रजिस्टर घेऊन उभ्या असलेल्या बाईला मिळत नाही, तेवढाच काय तो फरक.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: आशा ही कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे, दिवसाचे दोन-तीन तास, तेही सवडीने, असे हे काम आहे, मग रजा कसली? २००५ मध्ये हे म्हणणे काही अंशी खरे होते. तेव्हाची कल्पना खरोखरच फावल्या वेळातल्या कामाची होती. पण त्यानंतर त्यात गृहभेटी आल्या, असंसर्गजन्य आजारांचे सर्वेक्षण आले, क्षयरोग आणि कुष्ठरोगाच्या मोहिमा आल्या, आयुष्मान कार्डे आली, ऑनलाइन नोंदी आल्या. तिसऱ्या दिवसाची भेट ही सवडीने करायची गोष्ट राहिलेली नाही. ती तिसऱ्याच दिवशी करायची असते. मध्यरात्री कळा सुरू झालेल्या बाईबरोबर शहरातल्या घाटी रुग्णालयापर्यंत जाणे हेही सवडीचे काम नव्हे. शिवाय स्वयंसेविका या शब्दामुळे रजा अडते हेच मुळात खरे नाही. अंगणवाडी सेविकाही मानसेवीच आहेत. त्यांना वर्षाला २० दिवसांची रजा आणि १८० दिवसांची भरमानधनी प्रसूती रजा आहे. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मणिबेन भारिया खटल्यात अंगणवाडी सेविका व मदतनिसांना ग्रॅच्युइटी कायदा लागू केला, न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या पीठाने त्यांना प्रत्यक्ष काय काम करावे लागते याकडे पाहिले, पदाच्या नावावर ते अडून बसले नाही. त्याच्याही आधी, २००० मध्ये, दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरच्या रोजंदारी स्त्रियांना प्रसूती लाभ नाकारता येणार नाही असे याच न्यायालयाने सांगितले होते. रस्त्यावर खडी टाकणाऱ्या बाईला जो हक्क पंचवीस वर्षांपूर्वी मिळाला त्यापासून गावाचे आरोग्य सांभाळणारी बाई वंचित राहावी, याला कायद्याचा आधार शोधून सापडणार नाही. आणि दुसऱ्या एका राज्याने तर वाट घालून दिली आहे. आंध्र प्रदेश सरकारने मार्च २०२५ मध्ये आपल्या आशांना पहिल्या दोन बाळंतपणांसाठी १८० दिवसांची भरपगारी रजा जाहीर केली. तिथल्या आशांचे मानधन दरमहा १०,००० रुपये. आपल्याकडे राज्याचा वाटाही आता तेवढाच आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो मला झटकून टाकता येत नाही. आशाताई सहा महिने घरी बसली तर तिच्या हजार माणसांचे काय? एखाद्या तांड्यावरचे बाळ सातव्या दिवशी कुणी पाहिले नाही आणि त्याला जंतुसंसर्ग झाला, तर एका आईच्या हक्कासाठी दुसरीचे मूल गमावल्यासारखे होईल. हे खरेच आहे. पण आज काय होते? रजा नाही म्हणून सेवा अखंड चालते असे होत नाही. बाळंतीण आशा काही आठवडे येत नाही, शेजारच्या वाडीची आशा तोंडी सांगण्यावरून जमेल तेवढे बघते, काही भेटी होतात, काही फक्त कागदावर होतात. खंड पडतोच, फक्त तो कुणाला दिसत नाही. रजा मंजूर झाली की खंड आधी कळतो, तारखेसह कळतो, आणि तो भरून काढता येतो. एका गटप्रवर्तकेच्या हाताखाली साधारण वीस-पंचवीस आशा असतात. बाळंतपण सहा महिने आधी माहीत असते. त्याची नोंद तर तिच्याच रजिस्टरला असते. गटप्रवर्तकेने शेजारच्या दोन आशांना ते गाव लेखी वाटून द्यावे, भेटींचा मोबदला ज्या भेटी करतील त्यांना मिळावा आणि वर बदली-भत्ता मिळावा, अशी व्यवस्था केली तर बाळाची सातव्या दिवसाची भेट आजच्यापेक्षा अधिक खात्रीने होईल. मृत्यूची गोष्ट वेगळी, तो सांगून येत नाही. पण त्यासाठी प्रत्येक गावाची पर्यायी आशा कोण, हे वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून ठेवता येते. गटप्रवर्तक स्वतःही कंत्राटी आणि पोराबाळांच्या आया आहेत, म्हणून हीच तरतूद त्यांनाही लागू व्हायला हवी, हे ओघाने आलेच.

पैशाचा हिशेब फार लांबवत नाही. २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्याची लोकसंख्या ३७ लाखांवर होती, त्यातली निम्म्याहून अधिक ग्रामीण. हजारी एक या प्रमाणाने दोन हजारांच्या आसपास आशा लागतात. एखाद्या तालुक्यात दोनशे आशा आहेत आणि त्यांतल्या सहा जणी वर्षभरात बाळंत होतात असे धरून चालू. बहुतेकींची मुले नेमणुकीआधीच झालेली असतात, तेव्हा हा आकडा कदाचित जास्तच धरलेला असेल. प्रत्येकीला राज्याचे १०,००० रुपये सहा महिने मिळत राहिले तर सहा जणींचे ३ लाख ६० हजार होतात. पण हे पैसे अर्थसंकल्पात आधीच धरलेले आहेत. नव्याने लागेल तो फक्त बदली-भत्ता. तो मानधनाच्या निम्मा धरला तरी तालुक्याला वर्षाकाठी १ लाख ८० हजार. राज्याच्या आरोग्य खर्चात ही रक्कम बोलण्यासारखीही नाही.

तिसरे म्हणणे भावनेचे आहे आणि ते मनापासून सांगितले जाते: सेवेत रजा कसली? सेवेला जुंपून घेतल्याने दुःख हलके होते. सावित्रीबाई, पंडिता रमाबाई, पार्वतीबाई आठवले यांनी कुणाकडे रजा मागितली? या उदाहरणांबद्दल मला अतोनात आदर आहे, म्हणूनच ती नीट पाहावीत असे वाटते. रमाबाईंचे पती १८८२ च्या फेब्रुवारीत गेले तेव्हा मनोरमा वर्षाचीही नव्हती. आई, वडील, भाऊ त्याआधीच गेले होते. तरी पुढे १८८९ मध्ये त्यांनी शारदा सदन उभे केले. पण मधल्या काळात त्या इंग्लंड-अमेरिकेत शिकत, व्याख्याने देत, निधी जमवत होत्या तेव्हा लहानग्या मनोरमेला काही काळ इंग्लंडमधल्या वाँटेजच्या मठातल्या भगिनींनी सांभाळले. पार्वतीबाई ऐन तारुण्यात विधवा झालेल्या, एका मुलाची आई. महर्षी कर्व्यांच्या आश्रमासाठी झोळी घेऊन त्या गावोगाव हिंडल्या, पुढे अमेरिकेपर्यंत गेल्या. त्यांच्या पाठीशी बहीण आनंदीबाई कर्वे यांचे घर आणि एक अख्खी संस्था होती. मूल आणि शोक दोन्ही पदरात घेऊन या स्त्रिया काम करू शकल्या, कारण मागे मूल बघणारे कुणीतरी होते आणि कामावर केव्हा परतायचे हे त्यांचे त्यांनी ठरवले होते. कामाने दुःख हलके होते हेही पुष्कळदा खरे असते. अनेक जणी पंधराव्या दिवशी आपणहून पिशवी उचलतील, आणि त्यांना कुणी अडवू नये. पण आपणहून जाणे वेगळे आणि गेले नाही तर महिन्याचे पैसे कापले जातील म्हणून जाणे वेगळे. रजा ही घेतलीच पाहिजे अशी सक्ती नसते. ती असली की बाईला निवड करता येते.

नवरा गेल्यावर किती दिवस द्यावेत, हा प्रश्न आमच्या जिल्ह्यात विशेष विचाराने सोडवावा लागेल. अनेक घरांत दहावा-तेरावा झाला की माणसे कामाला लागतात. मुस्लिम विधवा चार महिने दहा दिवस इद्दत पाळते, आणि शहरातल्या वस्त्यांत, सिल्लोड-खुलताबाद-कन्नडकडे मुस्लिम आशा कितीतरी आहेत. बौद्ध कुटुंबांची रीत आणखी वेगळी. शासनाने कुणाच्या विधींच्या खोलात शिरू नये. जोडीदार किंवा अपत्य गेल्यास ३० दिवस भरमानधनी, आणि पुढे तीन महिन्यांपर्यंत विनामानधन पण नेमणूक सुरक्षित, अशी साधी दिवसांची मोजणी बहुतेकींना पुरेल. ब्रिटनमध्ये अपत्य गमावलेल्या आई-वडिलांना २०२० पासून दोन आठवड्यांची रजा आहे. न्यूझीलंडने २०२१ मध्ये गर्भपातानंतर तीन दिवसांची रजा कायद्याने दिली. ही मुदत मला अपुरी वाटते. पण तिथे शोकाला कायद्यात जागा मिळाली, आणि ती जागा आपल्याकडेही हवी. विधवा आशेच्या बाबतीत तर रजेचे दिवस खऱ्या अर्थाने विश्रांतीचे नसतातच. वारस नोंद, सातबारा, बँक, तलाठी, शेतकरी आत्महत्या असेल तर मदतीच्या पात्रतेची चौकशी, मुलांसाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज: या खेपा तिलाच घालाव्या लागतात, आणि प्रत्येक खेपेला अख्खा दिवस जातो.

गैरफायदा घेतला जाईल अशी शंका कुणी काढेल, तर तिला थोडक्यात उत्तर आहे. जन्म आणि मृत्यू या गावात लपून राहणाऱ्या गोष्टी नाहीत, आणि त्यांची नोंद करणारी यंत्रणा तर आपल्याच खात्याची आहे. खेड्यातल्या शेतमजूर बाईला तरी कुठे रजा आहे, असेही विचारले जाते. तिलाही असली पाहिजे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला मिळणारे ५,००० रुपये बुडालेल्या मजुरीची अंशतः भरपाई म्हणून आहेत, बाईने बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती घ्यावी म्हणून आहेत. म्हणजे हे तत्त्व देशाने प्रत्येक गरीब आईसाठी मान्य केले आहे, आणि तो फॉर्म भरून घ्यायला मदत करणारी पुन्हा आशाच आहे.

एक आक्षेप मात्र आशांच्या बाजूने येईल, आणि त्याचा मान राखायला हवा. संघटना म्हणतील की आमची मूळ मागणी शासकीय कर्मचाऱ्याच्या दर्जाची आहे. १८० दिवसांची रजा हातावर ठेवून ती मागणी गुंडाळू नका. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने योजना कर्मचाऱ्यांना कामगार मानावे, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी अशी शिफारस केली होती, आणि ती अजून तशीच पडून आहे, त्यामुळे त्यांचा अविश्वास समजण्यासारखा आहे. ही रजा त्या मागणीच्या बदल्यात देऊ नये. दर्जाचा प्रश्न दिल्लीत आणि न्यायालयात जेव्हा सुटेल तेव्हा सुटो. अंगणवाडी सेविकांना रजा आधी मिळाली, ग्रॅच्युइटी पुष्कळ नंतर, आणि पहिलीमुळे दुसरी अडली नाही. पण आज जी आशा सातव्या महिन्यात आहे तिला तोवर थांबता येणार नाही.

राज्याच्या वाट्याचे मानधन राज्याच्या तिजोरीतून जाते, त्यामुळे यासाठी केंद्राच्या मंजुरीची वाट पाहण्याची गरज नाही. आपल्या विभागाचा एक शासन निर्णय पुरेल. त्यात पहिल्या दोन बाळंतपणांना १८० दिवस, गर्भपाताला सहा आठवडे, मृतजन्म किंवा अर्भक दगावल्यास ६० दिवस, जोडीदार वा अपत्य गेल्यास ३० दिवस भरमानधनी रजा असावी. पर्यायी आशेची लेखी नेमणूक आणि तिचा भत्ता असावा, आणि हे सारे शहरी आशांना व गटप्रवर्तकांना लागू व्हावे. केंद्राच्या वाट्याचा मोबदला रजेत चालू राहावा यासाठीचा प्रस्ताव राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या पुढच्या वार्षिक आराखड्यात स्वतंत्रपणे पाठवता येईल. निर्णय राज्यभर एकदम लागू करणे अवघड वाटत असेल तर मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपासून सुरुवात करावी आणि वर्षभरात किती आशांनी रजा घेतली, किती भेटी पर्यायी आशेने केल्या, किती बुडाल्या, याचे आकडे तालुकावार जाहीर करावेत, म्हणजे माझे म्हणणे कुठे चुकले असेल तर तेही सगळ्यांना दिसेल.

आपला विश्वासू,
एक नागरिक
छत्रपती संभाजीनगर